दप्तर टाकलं की रडू फुटतं: दुसरीतल्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घरात सगळे मराठी बोलतात. शाळा सकाळी ७:२० ते दुपारी १. वर्गशिक्षिका म्हणतात, इतकी शांत मुलगी वर्गात दुसरी नाही. दुपारी ती आजीजवळ असते, तिथेही फार कुरकुर नसते. आई ६:३० ला कामावरून आली की मात्र कशावरूनही सुरू होतं. परवा आईने तिच्या पोळीचे दोन तुकडे केले म्हणून ती पाऊण तास रडली, ताट सरकवलं, धाकट्या भावाला चिमटा काढला. आजी म्हणतात, 'तू आलीस की हिची नाटकं सुरू होतात.' वडील म्हणतात, दोन फटके दिले की गप्प बसेल. आई विचारते, मी नेमकं काय करू?

उत्तर:

'मी आले की सुरू होतं' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात तुम्ही स्वतःलाच आरोपी करून ठेवलं आहे, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. बालसमुपदेशक म्हणून गेली २२ वर्षं मी हे काम करते आहे आणि हीच तक्रार, जवळजवळ याच शब्दांत, मी असंख्य आयांकडून ऐकली आहे. तुमची मुलगी दिवसभर जे धरून ठेवते, ते संध्याकाळी तुमच्याजवळ सोडते. ते तुमच्याजवळच सोडते, कारण तुम्ही तिच्या सगळ्यात भरवशाच्या आहात. कॅनडातल्या समुपदेशक अँड्रिया लोवेन नायर यांनी या प्रकाराला 'आफ्टर-स्कूल रिस्ट्रेंट कोलॅप्स' असं नाव दिलं. शाळेत घातलेला बांध घरी येऊन फुटतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे आजींना समजावताना मी हे इंग्रजी नाव कधीच घेत नाही. मी त्यांना विचारते, 'लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलात तेव्हा काय झालं होतं?' बहुतेक आजी एकदम गप्प होतात. मग एखादी सांगते की सासरी चार महिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि माहेरच्या उंबऱ्यावर आईने नुसतं 'आलीस का गं' म्हटलं तर हुंदका आवरेना. तिथे कुणी काही बोललं नव्हतं, कुणी दुखावलं नव्हतं. ती नाटकं होती का? सासरी नीट वागत होती म्हणजे तिथे सगळं छान चाललं होतं का? आणि आईने लाडावलं होतं म्हणून ती रडली का? तुमची नात रोज दुपारी १ वाजता सासरहून निघते आणि ६:३० ला माहेरी पोचते, असं मी म्हटलं की पुढचं फार समजवावं लागत नाही. तुमच्या सासूबाईंशी बोलताना हेच वापरून बघा. वाद घालून जे जमणार नाही, ते कदाचित या एका आठवणीने जमेल.

आता तिच्या दिवसाकडे बघा. ५:४५ ला उठवणं, अर्धवट झोपेत दात घासणं, घशाखाली न उतरणारं दूध, व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसणं. मग रांग, प्रार्थना, 'फिंगर ऑन युअर लिप्स'. चाळीस-पन्नास मुलांचा गलका, खडखडणारे बाक, डोक्यावर घरघरणारा पंखा. शेजारचीने खोडरबर घेतलं तरी भांडायचं नाही, कळलं नाही तरी चेहरा शहाणा ठेवायचा. आणि हे सगळं अशा भाषेत, जी तिच्या घरात कुणी बोलत नाही. मोठ्या माणसालासुद्धा परक्या भाषेत साडेपाच तास ऐकत बसलं की डोकं जड होतं. ती तर साडेसात वर्षांची आहे, आणि तिला त्या भाषेत गणितही करायचं आहे.

मेंदूचा कपाळामागचा जो भाग आवेग आवरतो, मन दुसरीकडे वळवतो, 'थांब, आत्ता नको' असं सांगतो, तो पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. सात वर्षांच्या मुलाकडे तो असतो, पण त्याला फार वेळ राबवता येत नाही, आणि भूक, उष्मा, अपुरी झोप यांनी तो आणखी ढेपाळतो. इथे एक खुलासा करते, कारण पालकांसाठीच्या लेखांत हे सर्रास चुकीचं छापलं जातं. 'संयम हे इंधन आहे, दिवसभरात संपतं' असं तुम्ही वाचलं असेल. ती कल्पना मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८च्या प्रयोगातून आली. त्यात काही जणांना चॉकलेटची बिस्किटं समोर असताना मुळे खायला सांगितले होते, आणि पुढचं कोडं सोडवताना त्यांनी लवकर हार मानली. पण २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून हा परिणाम पुन्हा तपासला, तेव्हा तो जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून 'हिची टाकी रिकामी झाली' असं मी म्हणत नाही. मुलगी दमलेली, भुकेली, कान किटलेली आहे आणि दिवसभराच्या भावना तिने चेहऱ्याआड ठेवल्या आहेत, एवढं म्हणते. ते दिसतं, आणि त्यावर उपायही करता येतात.

चेहऱ्याआड ठेवण्याचं एक मोल असतं. जेम्स ग्रॉस आणि जेन रिचर्ड्स यांनी २००० साली दाखवलं की भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याच्या खटाटोपात असलेल्या माणसांना, त्याच वेळी समोर काय बोललं गेलं ते कमी आठवतं. 'आज काय शिकवलं?' याला रोज 'माहीत नाही' असं उत्तर येत असेल, तर तो उर्मटपणा असेलच असं नाही.

मग ती आजीजवळ का फुटत नाही? कारण आजीजवळही ती धरूनच ठेवते. 'आई येईपर्यंत शहाण्यासारखी राहा हं' हे वाक्य तुमच्या घरात बोललं जातं का, जरा आठवून बघा. शिवाय तुम्ही लिहिलं आहे की सोमवार-बुधवार-शुक्रवार ४ ते ५ ॲबॅकस आणि मंगळवार-गुरुवार भरतनाट्यम. म्हणजे शाळा सुटल्यावर पुन्हा रांग, पुन्हा बाई, पुन्हा 'शाब्बास' मिळवणं. त्यात तुमच्या येण्याची वेळ दिवेलागणीची. आपल्या भाषेने या वेळेला कातरवेळ म्हटलं ते उगाच नाही. मोठ्यांचंही मन तेव्हा हळवं होतं, तान्ही बाळंही नेमकी तेव्हाच किरकिर करतात. अशा वेळी दारात चपलांचा आवाज येतो आणि आई दिसते. रांजण काठोकाठ भरलेला असतो, पोळीचा तुकडा फक्त निमित्त होतो. त्यामुळे पोळीबद्दल तिला समजावत बसू नका. 'दोन तुकडे काय, चार काय, पोटात एकच ना' हे अगदी खरं आहे, आणि त्या क्षणी अगदी निरुपयोगी.

करायचं काय, तर आधी शरीराकडे बघा, मन नंतर. त्यातही पहिली गोष्ट पालकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे शौचालय. शाळेच्या शौचालयात न जाणारी मुलं फार आहेत. कुठे कडी लागत नाही, कुठे वास येतो, कुठे पाणी नसतं, आणि इंग्रजी माध्यमात तर हात वर करून सगळ्यांसमोर 'मे आय गो टू द टॉयलेट' म्हणायचं असतं. ते वाक्य चुकेल या भीतीने सकाळी सातपासून दीडपर्यंत लघवी दाबून धरणाऱ्या मुली माझ्याकडे येऊन गेल्या आहेत. मग त्या पाणीही पीत नाहीत, बाटली भरलेली परत येते. पहिलीतला एक मुलगा 'फार रागीट झाला आहे' म्हणून माझ्याकडे आणला होता. तीन बैठका मी त्याच्या रागाबद्दल बोलत राहिले आणि त्याच्या पोटाबद्दल एकदाही विचारलं नाही. ती माझी चूक होती. त्याला जुनं बद्धकोष्ठ होतं, शाळेत शी दाबून धरायचा, संध्याकाळपर्यंत पोट दुखून बेजार व्हायचा. बालरोगतज्ज्ञांच्या औषधाने आणि रोज सकाळी वीस मिनिटं लवकर उठून शांतपणे बसवल्याने त्याचा निम्मा राग गेला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न डबा, बाटली आणि शौचालय यांचाच असतो. तुमची मुलगी घरात पाऊल टाकते तेव्हा आजींनी फक्त एवढं म्हणावं: 'आधी शू करून ये, मग पाणी पी.'

मग कपडे. गणवेशाचा पट्टा, घट्ट वेण्या, घामाने चिकटलेले मोजे काढून सुती फ्रॉक घालायचा, तोंड-हात-पाय धुवायचे. पूर्वी बाहेरून आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देत, ते किती शहाणपणाचं होतं हे मला या कामात कळलं. थंड पाणी पायांवर पडलं की मूल खरोखर शाळेतून बाहेर येतं. मग खाणं, आणि तेही विचारून नाही. 'काय खाशील?' हा दमलेल्या मुलासाठी अवघड प्रश्न आहे. समोर ठेवून द्या: तूप-गुळाची पोळी, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दडपे पोहे, दही-भात. दात लावून चावावं लागेल असं काही, म्हणजे काकडी, गाजर, कुरमुरे, भाजलेले चणे, दिलंत तर पुष्कळ मुलं त्याने निवतात असा माझा अनुभव आहे. हेच सगळं ६:३० ला पुन्हा एकदा करा. संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत तिने ४ वाजता काही खाल्लं आहे की नाही, हे आजींना विचारून ठेवा. ॲबॅकसच्या घाईत ते राहून जात असणार, अशी मला दाट शंका आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला अवघड जाईल: पहिला अर्धा तास एकही प्रश्न विचारायचा नाही. डबा संपवला का, मिस काय म्हणाली, स्पेलिंगचे किती मार्क मिळाले, गृहपाठ झाला का. आपल्याला ही माया वाटते, तिला ती तपासणी वाटते. तुम्ही घरात शिरताच काय म्हणायचं? 'आलीस माझी चिमणी' म्हणून जवळ घ्या, किंवा ती बिलगत नसेल तर नुसतं शेजारी बसा. पर्स बाजूला, फोन बाजूला, स्वयंपाकघर दहा मिनिटं तसंच राहू दे. भाऊ लहान आहे, तोही धावत येणार; त्या दहा मिनिटांपुरतं आजींनी किंवा वडिलांनी त्याला घ्यावं. शाळेतल्या गोष्टी तुम्हाला हव्याच असतील तर त्या रात्री दिवा मालवल्यावर येतात. अंधारात, एकमेकींचा चेहरा दिसत नसताना, पाठीवरून हात फिरत असताना मुलं आपणहून बोलतात. बहुतेक पालक तेव्हा 'झोप आता, उद्या उठायचंय' म्हणून ते तोडतात. रात्रीची ती पंधरा मिनिटं राखून ठेवा.

एवढं करूनही वादळ येईलच. रोज नाही, पण येईल. त्या वेळी तुमचे शब्द जितके कमी, तितकं बरं. खाली बसा, तिच्या उंचीला या. आवाज खाली, श्वास लांब. तिचं शरीर तुमच्या शरीरावरून अंदाज घेत असतं. अमेरिकेत एड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: आईने काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, तर काही महिन्यांचं बाळ आधी हसून, हात पसरून तिला परत आणू बघतं, मग हताश होऊन मान फिरवतं. साडेसात वर्षांची मुलगी बाळ नाही, पण 'माझ्याशी बोलू नकोस' म्हणून तोंड फिरवण्याची शिक्षा तिलाही तिथेच लागते. फटक्यांबद्दल वेगळं काय सांगू? फटका दिल्यावर ती गप्प बसेल, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खरं आहे. ती शाळेतही गप्पच बसते. घरातही धरून ठेवायची वेळ तिच्यावर आली, तर ते सोडायला जागाच उरणार नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत जे निषिद्ध ठरवलं, ते आपण घरी का करावं, असं त्यांना शांतपणे विचारा.

भावनेला नाव दिल्याने मदत होते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रौढांचे मेंदू तपासले, तेव्हा दिसलेल्या भावनेला शब्द निवडताना मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल मंदावलेली आढळली. पण नाव देणं म्हणजे ठपका ठेवणं नव्हे. 'तू चिडली आहेस!' असं सुनावलं की मूल आणखी भडकतं. अंदाज म्हणून म्हणा: 'आज फार दमायला झालं का गं?' आणि थांबा. अंदाज चुकला तर ती मान हलवेल, तीही बोलायची सुरुवातच असते.

इथे मराठीचा मला फार आधार वाटतो. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांत हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड एवढे चार चेहरे असतात. घरातल्या भाषेत किती छटा आहेत बघा: हिरमुसणं, खट्टू होणं, रुसणं, वैतागणं, भेदरणं, ओशाळणं, कावरंबावरं होणं, गलबलून येणं, जिवाची घालमेल. हिरमुसलेल्या मुलीला हवं असतं ते रुसलेल्या मुलीला हवं असतं त्याहून वेगळं. रुसलेलीला मनधरणी लागते, हिरमुसलेलीला शेजारी बसणारं माणूस. ओशाळलेलीला तर थोडा वेळ कुणी बघूच नये असं वाटतं. हे शब्द वादळात शिकवता येत नाहीत. गोष्ट सांगताना, भांडी लावताना, स्वतःबद्दल बोलताना ते वापरा: 'आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, मी अगदी खट्टू झाले.' तीन-चार महिन्यांनी ती एखादा शब्द आपणहून वापरेल. माझ्याकडची एक आठ वर्षांची मुलगी एकदा दारातच म्हणाली, 'आई, मला आज कुणी हात लावू नका, मी कावलेय.' तिच्या आईला वाटलं हा उद्धटपणा आहे. मला तो दिवस साजरा करावासा वाटला, कारण तोवर ती मुलगी चावत होती.

भावना मान्य करणं म्हणजे चिमटा मान्य करणं नाही. भावाला मारायला हात उचलला की हात धरायचा, घट्ट पण दुखणार नाही असा, आणि एकच वाक्य: 'मी मारू देणार नाही.' मोठं भाषण नको, 'सॉरी म्हण' नको. माफीचं आणि भावाला फुंकर घालण्याचं काम अर्ध्या तासाने होऊ शकतं, आणि तेव्हा ते मनापासून होतं. ताट सरकवलं, भाजी सांडली, तर ती शांत झाल्यावर दोघी मिळून पुसा.

'राग आला की उशी बडव' हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो मी देत नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणारे लोक नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा अधिक रागावलेले निघाले. मुलांना हालचाल हवी असते, पण ती रागाची तालीम नसावी. झोका, दोरीच्या उड्या, सोसायटीच्या आवारात पळापळी, जिन्यावरून कपड्यांची बादली उचलून आणणं. कणीक मळायला द्या. माझ्या अनुभवात कणकेइतकं चांगलं साधन दुसरं नाही: जोर लागतो, हात भरतात, शेवटी हाती काहीतरी येतं. आणि तिने स्वतः लाटलेली वेडीवाकडी पोळी, ती फाटली तरी ती तिची असते.

मोबाइलबद्दल. हातात दिला की ती गप्प होते हे मला माहीत आहे, आणि रिकाम्या घरात एकटीने दोन मुलं सांभाळणाऱ्या आईला मी कधी नावं ठेवत नाही. पण शाळेनंतरच्या पहिल्या तासात मोबाइल दिला, की भूक, लघवी, थकवा सगळं पडद्यामागे जातं आणि काढून घेतल्यावर दुप्पट होऊन येतं. द्यायचाच असेल तर खाऊन, खेळून झाल्यावर, आणि वेळ आधी ठरवून.

झोपेकडे तातडीने बघा. तुम्ही लिहिलं आहे की ती १० वाजता झोपते आणि ५:४५ ला उठते. हे पावणेआठ तास झाले. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तास सांगितले आहेत. आठवड्यात शाळेचे सहा दिवस धरले तर तुमची मुलगी किमान साडेसात तास झोपेची देणेकरी आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, त्यामागे मुलांची अपुरी झोप हेच कारण होतं. तुमच्या शाळेची वेळ अजून ७:२० आहे. चार-पाच पालक मिळून शाळेकडे हा विषय लेखी मांडा. तोवर ९ ला दिवा बंद, म्हणजे जेवण ७:४५ ला. त्यासाठी ॲबॅकस सोडावा लागेल. सोडा. भरतनाट्यम तिला स्वतःला आवडत असेल तर आठवड्यातून एकदा ठेवा. मोकळ्या झालेल्या दुपारी काहीही शिकवू नका, तिला खाली खेळायला जाऊ द्या.

एक वैद्यकीय गोष्ट: तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या कमतरतेने मूल चिडकं, लवकर दमणारं होतं, आणि आपल्याकडे ती अगदी सर्रास आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी होती. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे, पण तपासणी साधी आहे. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

शिक्षिकेला भेटा, मुलगी बरोबर नसताना. 'घरी फार त्रास देते' असं सांगू नका, कारण ते वाक्य फिरून तिच्या कानावर येतं. दोन ठोस गोष्टी मागा. लघवीला जायला तिने हाताची ठरलेली खूण केली तरी चालावं. आणि मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर बसते, हे त्यांनी आठवडाभर बघून सांगावं. 'शांत, गुणी' मुलीकडे पन्नासांच्या वर्गात कुणाचं लक्ष जात नाही. ती सुट्टीत एकटी असते का, हे कधीकधी शिक्षिकेलाही विचारल्यावरच दिसतं.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांवर थांबू नका. फक्त शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणं, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, एखाद्या माणसाचं, व्हॅनचं किंवा विशिष्ट तासाचं नाव निघताच आकसणं, अंगावर खुणा, 'मला जगायचं नाही' अशी भाषा. तसंच दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतही वादळं तशीच राहिली, तर कारण केवळ शाळेचा शीण नाही असं समजा. वाचन-लेखनातली अडचण, लक्ष टिकवण्याची अडचण, आवाज-स्पर्श सहन न होणं, स्वमग्नता, हे सगळं हुशार आणि आज्ञाधारक मुली वर्गात फार चांगलं झाकतात. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं. कुणी इजा केल्याची शंका आली तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

आता तुमच्याबद्दल. दिवसभर काम करून, उभ्याने बसचा प्रवास करून तुम्हीही कातरवेळीच घरी पोचता. तुमच्याही डोक्यात साहेबांचं बोलणं असतं. ती तुमच्याजवळ सोडते, मग तुम्ही कुणाजवळ सोडायचं? दारावर टकटक करण्याआधी जिन्यात दोन मिनिटं थांबा, पाणी प्या, पिशवीत एक केळं ठेवा आणि ते वर जाण्याआधी खा. आयांना हे सांगते तेव्हा त्यांना अपराधी वाटतं, मुलं वाट बघत असताना मी खाऊ का. खा. उपाशी आईला वादळात शांत राहता येत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. आणि यजमानांना आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या, ज्या दिवशी ते ६:३० ला घरी असतील आणि तो पहिला अर्धा तास त्यांचा असेल. मुलगी सुरुवातीला त्यांच्याजवळ रडणार नाही. ज्या दिवशी रडेल, त्या दिवशी त्यांनी ते अपयश समजू नये.

एखाद्या दिवशी तुम्ही ओरडालच. मग रात्री तिला सांगा, 'मी दमले होते, मोठ्याने बोलले, माझं चुकलं.' चुकल्यावर आई परत जवळ येते, हेही तिला दिसू द्या.

पुढचे पंधरा दिवस एका वहीत एवढंच लिहा: किती तास झोपली, डबा किती परत आला, बाटली किती भरलेली होती, ४ वाजता खाल्लं का, रडली तर किती वेळ. रडणं बंद होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पाऊण तासाचं वीस मिनिटांवर आलं तर दिशा बरोबर आहे. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आणि पोळी वाढण्याआधी तिला विचारा, अख्खी हवी की तुकडे करून. सवयीने हाताने तुकडे झालेच, तर ते तुमच्या ताटात घ्या आणि तिला दुसरी, अख्खी पोळी वाढा.